एपुश घ्यावा का? पाचपैकी चार तारे, एक तारा राखून

लेकीने अकरावीत एपी (म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) अमेरिकन इतिहास घेतला. इथली, अमेरिकेतली मुलं त्याला ‘एपुश’ म्हणतात. मी साताऱ्याला दहावी केलेली, त्यामुळे इतिहास म्हणजे सनावळ्या, ‘कारणे द्या’ आणि गाईड. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “आई, तारखा कोणी विचारतच नाही गं.”

अभ्यासक्रम १४९१ पासून आजपर्यंतचा, नऊ कालखंडांत विभागलेला. मे महिन्यातली परीक्षा सव्वातीन तासांची: ५५ बहुपर्यायी प्रश्न, तीन छोटी उत्तरं, एक निबंध आणि खरी कसोटी म्हणजे डीबीक्यू, कागदपत्रांवर आधारलेला प्रश्न. सात कागदपत्रं समोर ठेवतात, पत्रं, भाषणं, व्यंगचित्रं वगैरे. ती वाचून तासाभरात आपलं म्हणणं मांडायचं. गुण सात. दावा स्पष्ट आहे का, पार्श्वभूमी दिली का, कागदपत्रांचा पुरावा नीट वापरला का, बाहेरचा एक तरी दाखला दिला का, असा एकेक गुण मोजून देतात. सुंदर अक्षर, पानभर लांबण यांना किंमत शून्य. हे मला मनापासून पटलं.

अमेरिकेतल्या गृहयुद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर निबंध होता. मी उत्साहाने सांगितलं, जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली होती, गुलामांना मुक्त केलं म्हणून. लेकीने ते लिहिलं. सरांनी शेजारी लिहिलं, ‘छान माहिती, पण यातून तुझा दावा कसा सिद्ध होतो?’ गुण मिळाला नाही. मी दोन दिवस फुगून बसले. मग निबंध पुन्हा वाचला. दावा होता दक्षिणेत मुक्त झालेल्यांच्या हक्कांचं पुढे काय झालं याबद्दल, आणि पुण्यातल्या अर्पणपत्रिकेने त्यात काहीच हलत नव्हतं. सरांचं बरोबर होतं.

आता राखलेला तारा. शाळेने सातपैकी गुणांची सरळ टक्केवारी केली. ऑक्टोबरात तिला चार मिळाले, म्हणजे ५७ टक्के, म्हणजे एफ! जन्मात कधी नापास न झालेली पोर जेवली नाही त्या रात्री. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सर शांतपणे म्हणाले, सुरुवातीला चार म्हणजे उत्तमच. मग एफ का, याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीच्या मुलाला त्याच चार गुणांना बी मिळत होता. आमच्याकडे जानेवारीनंतर निबंध पुन्हा लिहून द्यायची सोय झाली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आठवड्याला तीसेक पानांचं वाचन, वर चाचणी, उशिरा दिलं की गुणकपात, हे सगळं मात्र आधीच सांगितलेलं होतं. तक्रार नाही.

वर्षअखेर शाळेत बी प्लस, परीक्षेत पाचपैकी पाच. पण निकाल जुलैत लागतो, तोवर शाळेचा बी प्लस प्रगतिपुस्तकात जाऊन बसलेला असतो. पाच आले म्हणून तो कोणी बदलत नाही. घेणार असाल तर पालकसभेत एवढंच विचारा: सातपैकी चारला तुमच्याकडे काय ग्रेड देतात?

धाकटा दोन वर्षांनी घेणार आहे. तेव्हा तोंड मिटून बसायचं ठरवलंय, बघू जमतंय का.