टोमॅटोची बगलफूट काढावी की ठेवावी, आणि त्यानुसार खत कोणतं

टोमॅटोच्या रोपाजवळ खाली बसा आणि पान जिथे खोडाला मिळतं तो कोपरा नीट बघा. पानाच्या बगलेत एक इवलासा कोंब दिसेल. हीच बगलफूट. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर ती वीतभर होते. दोन आठवड्यांत तिला स्वतःची पानं येतात, मग कळ्या, आणि महिन्याभरानं मूळ खोड कोणतं आणि फांदी कोणती हेच कळेनासं होतं.

ही फूट काढायची की ठेवायची यावर भरपूर सल्ले मिळतात. खत कोणतं घालायचं यावर त्याहून जास्त. पण झाडावर किती फांद्या ठेवल्या त्यावर त्याची भूक ठरते, हे दोन्ही सल्ले देताना बहुतेक वेळा सुटून जातं. छाटणी एकाचं ऐकून आणि खत दुसऱ्याचं ऐकून केलं की झाड बिघडतं. म्हणून इथे दोन्हींचा एकत्रच विचार केला आहे.

आधी वाण, मग कात्री

टोमॅटोचे दोन स्वभाव असतात. वेलीसारखं वाढणारं झाड शेंड्याकडून वाढतच राहतं आणि साधारण दर तीन पानांनंतर फुलांचा एक घोस देतं. झुडपी झाडात घोसांमधलं अंतर कमी होत जातं, आणि शेवटी शेंड्यावरच घोस येऊन त्या फांदीची वाढ थांबते. हा झुडपी गुण 1914 साली फ्लोरिडात एका झाडात आपोआप आलेल्या बदलातून मिळाला. एकदम फळ देणारी बुटकी वाणं त्यातूनच पुढे आली.

झुडपी वाणाची बगलफूट काढणं म्हणजे फळाची जागा काढून टाकणं. मी एकदा चार झुडपी रोपं हौसेनं एका खोडावर आणली होती. प्रत्येकानं तीन-चार घोस दिले आणि शेंडा संपला. बगलेतले कोंब मी आधीच खुडलेले, त्यामुळे पुढचं फळ यायला जागाच उरली नव्हती. रोपं हिरवीगार उभी होती, पण हंगाम हातचा गेला. तेव्हा तुमचं वाण झुडपी असेल तर पहिल्या घोसाच्या खालचे कोंब तेवढे काढा आणि बाकी झाडाला हात लावू नका. पुढची खोडांची तुलना फक्त वेली वाणासाठी आहे.

एक खोड, दोन खोडं की मोकळं झाड

एका खोडावर वाढवलेल्या झाडाला जागा कमी लागते. दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर पुरतं. काठी किंवा वरून सोडलेली सुतळी एवढाच आधार लागतो, हवा खेळती राहते, पानांवरचं पाणी लवकर सुकतं आणि करपा हा पानांचा रोग कमी येतो. फळं लवकर पिकतात, एकेक फळ मोठं होतं, पण झाडावरच्या फळांची एकूण संख्या घटते. शिवाय दर चार-पाच दिवसांनी झाडाजवळ जावंच लागतं. ऊन कडक असेल तर आणखी एक तोटा आहे. पानांची सावली नसल्यानं फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा डाग पडतो. ते उन्हानं भाजलेलं फळ, रोग नव्हे.

मोकळं सोडलेलं झाड याच्या अगदी उलट. श्रम जवळजवळ नाहीत, फळं संख्येनं भरपूर, सावलीही भरपूर. मात्र फळं लहान राहतात आणि उशिरा पिकतात. फांद्या जमिनीला टेकतात, पाण्याचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात आणि करप्याची सुरुवात तिथूनच होते. रोपाला निदान 90 सेंटिमीटर मोकळी जागा आणि चारी बाजूंनी भक्कम पिंजरा हवा. कुंडीतल्या झाडासाठी हा पर्याय मी सुचवणार नाही. एवढ्या पानांना लागणारं पाणी 20 लिटर मातीत उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंतही टिकत नाही.

घरच्या बागेसाठी मला दोन खोडं सगळ्यात योग्य वाटतात. पहिल्या घोसाच्या लगेच खाली जी बगलफूट येते ती सहसा सगळ्यात जोमदार असते. तेवढी एक ठेवायची, बाकीच्या काढायच्या. साठेक सेंटिमीटर अंतर पुरतं, फळांवर पुरेशी सावली राहते, आणि एका खोडाला इजा झाली तर दुसरं असतं. एखादा आठवडा बाहेरगावी गेलात तरी फार काही बिघडत नाही.

खुडताना एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते. फुलाचा घोस बगलेतून येत नाही. तो दोन पानांच्या मधे, खोडातूनच सरळ बाहेर येतो. बगलेत असेल तर फूट, उघड्या खोडावर असेल तर घोस, एवढं बघून मगच बोट लावा. कोंब बोटभर लांब असेपर्यंत नुसता बाजूला वाकवला तरी कटकन तुटतो आणि जखम लहान राहते. पेन्सिलएवढा जाड झाला असेल तर ओरबाडू नका, साल सोलली जाते. अशा वेळी त्या कोंबाची बुडाकडची दोन पानं ठेवून फक्त टोक खुडावं. हे काम कोरड्या सकाळी करावं म्हणजे जखम दिवसभरात सुकते. आणि तंबाखू हाताळली असेल तर आधी साबणानं हात धुवा, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून टोमॅटोला लागतो. काढलेला निरोगी कोंब पाण्यात ठेवला तर आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरतो आणि नवं रोप मिळतं.

खत: मुरणारं की विरघळणारं

कंपोस्ट, गांडूळखत, कुजलेलं शेणखत ही मुरणारी खतं. मातीतले सूक्ष्मजीव ती हळूहळू फोडतात तेव्हा झाडाला अन्न मिळतं. माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते आणि मात्रा थोडी जास्त झाली तरी मुळं सहसा जळत नाहीत. उणीव अशी, की झाडाला आज भूक लागली तर हे खत आज कामाला येत नाही. थंडीत तर सूक्ष्मजीवच मंदावतात.

विरघळणारं खत दोन-चार दिवसांत पानांवर दिसतं आणि मात्रा मोजून देता येते. पण ते मातीला काही देत नाही, आणि मात्रा चुकली तर कुंडीत क्षार साठतात, पानांच्या कडा करपतात. कोरड्या मातीत ते कधीच ओतू नये. आधी साधं पाणी, मग खताचं. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात करावी.

जमिनीतल्या मोकळ्या झाडाला लागवडीच्या वेळी भरपूर कंपोस्ट आणि महिन्यानं वरून आणखी एक थर, एवढं पुष्कळ होतं. त्याची मुळं दूरवर जातात. कुंडीतल्या झाडाची गोष्ट वेगळी. दर पाण्याबरोबर अन्न वाहून जातं, म्हणून पहिली फळं गोटीएवढी झाली की दर दहा-बारा दिवसांनी पातळ विरघळणारं खत द्यावंच लागतं. तळाला कंपोस्ट, वरून पातळ खत असा मेळ दोन खोडांच्या झाडाला चांगला मानवतो.

फुलं येईपर्यंत नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) सारख्या प्रमाणात असलेलं खत चालतं. फळ धरल्यावर पालाश जास्त, नत्र कमी. इथेच छाटणीचा संबंध सगळ्यात स्पष्ट दिसतो. नत्र जास्त झालं की पानं गडद हिरवी होतात, वळतात, खोड जाड होतं, फुलं कमी येतात आणि बगलफुटी पटापट वाढतात. तुम्ही खुडत राहता, झाड फुटत राहतं. फुटी आवरेनात असं वाटलं तर आधी खताचा डबा बाजूला ठेवा. उलट खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी, आणि पालाश प्रमाणाबाहेर देण्यानंही ही अवस्था येते.

फळाचं बूड काळं पडणं याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यावर नको ते उपाय फार होतात. डाग देठाच्या विरुद्ध टोकाला येतो. आधी पाणी मुरल्यासारखा ओलसर, मग काळा, खोलगट, चामड्यासारखा. कारण फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. बहुतेक मातीत ते पुरेसं असतं. पण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं आणि पानांत एकदा गेलं की तिथून फळात येत नाही. एक दिवस माती कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की त्या फळाची ती वेळ हुकते. अंड्याची टरफलं कुजायला इतका वेळ घेतात की त्या हंगामात उपयोग होत नाही. एप्सम मीठ तर कॅल्शियम नाहीच, ते मॅग्नेशियम आहे, आणि त्यानं त्रास वाढू शकतो. पाणी नेमानं द्या, मातीवर वाळल्या पानांचं आच्छादन घाला, नत्र आवरा. पहिली काही फळं खराब झाली तरी पुढची बरी येतात.

खालची पानं काढण्याबाबत तिन्ही पद्धतींत मतभेद नाही. रोप नीट उभं राहिलं की जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीपर्यंतची पानं काढावीत, पण एका वेळी एकतृतीयांशाहून जास्त पाला कधीच नको. पानं म्हणजे फळात गोडी भरणारा कारखाना.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण 45 ते 60 दिवस जातात. त्यामुळे थंडी किंवा कडक ऊन कधी सुरू होणार याचा अंदाज घेऊन तितके दिवस मागे मोजा आणि त्या सुमाराला वेली झाडाचा शेंडा वरच्या घोसानंतर दोन पानं ठेवून खुडा. त्यानंतर बगलफुटी पुन्हा जोरात येतील, त्या काढत राहा. नत्र बंद करा. खताचं पाणी आणखी दोन-तीन वेळा पुरे, मग नुसतं पाणी.