जुनाच कापूस, नवी गादी: शहापुरातील एका गादी कारखान्याचा अनुभव

आमच्या घरातील दुहेरी गादी सासूबाईंच्या काळातील. वापरून वापरून ती फळीसारखी झाली होती. तिच्या जागी फोमची आणावी, असे घरात जवळजवळ ठरले होते. परंतु पॉलियुरेथेन फोम एकदा बसला की तो वितळवून पुन्हा घडवता येत नाही, आणि तशा बसलेल्या गाद्या नाल्याकाठी पडलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून बेळगावच्या शहापूर भागातील एका जुन्या कारखान्यात आमचीच गादी पिंजून घेतली.

कारखान्यातील मामांनी खोळ उसवली, मूठभर कापूस बोटांनी ओढून पाहिला आणि, “ताई, ह्यो अजून चालतोय की,” एवढेच म्हणाले. काट्यावर 14 किलो भरलेला कापूस यंत्रातून पिंजून निघाल्यावर, धूळ आणि तुटलेले तंतू वजा जाता, साडेबारा किलो उरला. दर पिंजणीत तंतू आखूड होत जातात, त्यामुळे थोडा नवा कापूस मिसळल्याशिवाय गादी फार दिवस फुगलेली राहत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

तक्रार आहे ती याच नव्या कापसाबद्दल. नवा म्हणून ज्या 2 किलोंचे पैसे घेतले, त्यात निळे-लाल तंतू दिसले. विचारल्यावर तो होजिअरीच्या कातरणांपासून केलेला असल्याचे कळले. तिरुपूरसारख्या ठिकाणी कपडे शिवताना पडणाऱ्या कातरणांपासून पुन्हा तंतू काढले जातात, आणि ते गादीत भरण्यास माझी काहीच हरकत नाही. मात्र ते आधी सांगावे आणि दरही त्याप्रमाणे लावावा. माल नेमका कुठला, हे मामांना हुबळीच्या व्यापाऱ्यापलीकडे सांगता आले नाही. फरकाची रक्कम त्यांनी वाद न घालता परत केली, हेही नोंदवायला हवे.

टाके घट्ट आणि सारख्या अंतरावर आहेत, कडा सरळ आहेत. जुन्या खोळीचे काय करणार, असे विचारले तेव्हा अशी फडकी उद्यमबागेतील यंत्रशाळांत तेल पुसण्यासाठी जातात, असे समजले. आमचीही तिकडेच गेली. दोन महिन्यांनंतरही गादीत कुठे खळगा पडलेला नाही.

गादी द्यायची असल्यास मार्च-एप्रिलमध्येच द्यावी आणि वजन स्वतः उभे राहून करून घ्यावे. बेळगावच्या पावसात कापसाला ऊन मिळत नाही, आणि दमट कापूस पिंजला की त्याच्या गाठी होतात.