जुन्या मोटरसायकलचा रंग: पावडर कोटिंग, टू-के पीयू आणि इंजिनाचा वेगळा हिशेब

यामाहा आरएक्स १०० आणि येझदी या दोन्ही गाड्यांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, म्हणजे आज रंगकामाला येणारी त्यांतली सर्वांत अलीकडची गाडीसुद्धा तीस वर्षांच्या घरातली असते. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सिलिंडरच्या बुलेट तर त्याहून कितीतरी जुन्या सापडतात. अशा गाडीवर आधीच दोन-तीन वेळा रंग चढलेला असतो, त्याखाली कुठे लांबी (पोच बुजवणारी पुट्टी) भरलेली असते, कुठे गंज धरलेला असतो आणि टाकीला गळती बुजवण्यासाठी एखादा जुना डाग (वितळलेल्या धातूचा सांधा) दिलेला असतो. पावडर कोटिंगवाला, गॅरेजचा पेंटर आणि स्प्रे कॅन विकणारा दुकानदार या तिघांना विचारले तर तीन उत्तरे मिळतात, आणि प्रत्येक उत्तर गाडीच्या एखाद्या भागापुरते बरोबरही असते. म्हणून ‘गाडीला कोणता रंग चांगला’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि चासी, टाकी, इंजिन व सायलेंसर यांचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा, कारण प्रत्येक भाग किती तापतो, त्याला खडीचा मार किती बसतो आणि त्यावर पेट्रोल सांडते की नाही, यावरच रंगाचे आयुष्य ठरते.

चासी, चिमटा आणि स्टँड

या भागांवर (चिमटा म्हणजे मागचे चाक धरणारा फाटा) चाकाने उडवलेली खडी सतत आदळते, पावसाळ्यात चिखल साचून राहतो आणि दिसण्यापेक्षा टिकण्याला अधिक महत्त्व असते, त्यामुळे येथे पावडर कोटिंगचे पारडे जड आहे. विद्युतभाराच्या आधारे धातूला चिकटवलेली कोरडी पावडर भट्टीत वितळते, आणि धातू १८० ते २०० अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा मिनिटे राहिला की साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा चिवट, एकसंध थर तयार होतो. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून स्प्रे गनने मारलेला पॉलियुरेथेन रंग, दिसायला अधिक देखणा असतो, पण खडीच्या माराने त्याचे टवके लवकर उडतात. शिवाय नळ्यानळ्यांच्या चासीवर प्रायमर, घासकाम आणि रंग असे एकेक थर हाताने चढवण्यात पेंटरचे काही दिवस जातात. पावडरवाल्याकडे हेच काम भट्टीच्या एक-दोन फेऱ्यांत होते, त्यामुळे निव्वळ चासीपुरता विचार केल्यास पावडर बहुधा स्वस्तही पडते.

मात्र पावडरचा एक दोष फार फसवा आहे. तिचा टवका एकदा उडाला की ओल आतून सरकत जाते, वरचा थर शाबूत दिसत असताना खाली गंज पसरत राहतो आणि शेवटी हाताएवढा पापुद्रा निघून येतो. पीयू रंगात तेवढीच जागा घासून, प्रायमर मारून डागडुजी करता येते. पावडरमध्ये तशी सोय जवळपास नाही. रत्नागिरी, मुंबई किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला उघड्या लोखंडावर पावडरचा एकच थर देणे म्हणूनच शहाणपणाचे नाही; खाली एपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर हवाच. ही अट मान्य नसलेल्या कारखान्यात काम देण्यापेक्षा पेंटरकडून एपॉक्सी प्रायमर व त्यावर टू-के काळा मारून घेणे बरे. मराठवाड्यातल्या किंवा देशावरच्या कोरड्या हवेत एवढे काटेकोर राहण्याची गरज नसते.

पावडरवाला निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पावडर कोणती. खिडक्यांचे ग्रिल आणि कपाटे रंगवणाऱ्या अनेक ठिकाणी एपॉक्सी आणि पॉलिएस्टर यांची मिश्र पावडर वापरतात, जी घरात उत्तम टिकते पण उन्हात काही काळाने खडूसारखी पांढरट होते. गाडीला बाहेरच्या वापराची शुद्ध पॉलिएस्टर पावडरच हवी. दुसरी, जुना रंग आणि गंज कसा काढणार. ‘सेव्हन टँक’ पद्धतीत लोखंड आम्लाच्या टाकीत बुडवतात, आणि सपाट पत्र्याला ते चालतेही, पण चासीच्या पोकळ नळ्यांत शिरलेले आम्ल धुऊन पूर्ण निघत नाही व पुढे महिनोन्महिने आतून लोखंड खात राहते. चासीला सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा, हेच करून घ्यावे आणि त्याच दिवशी प्रायमर चढेल अशी व्यवस्था ठेवावी, कारण दमट हवेत उघडे लोखंड काही तासांतच तांबूस होऊ लागते.

भट्टीत जाण्यापूर्वी हँडलचे कोन-सेट, चिमट्याचे बुश आणि सगळे रबर काढावे लागते, आटे झाकावे लागतात, तसेच अर्थिंगची वायर बसते ती जागा उघडी ठेवावी लागते. इंजिन जेथे चासीला बोल्टने आवळले जाते त्या पृष्ठभागांवर जाड पावडर राहिली तर ती दाबाखाली हळूहळू बसते आणि बोल्ट ढिले पडतात. एवढी उस्तवार करण्याची तयारी नसलेला पावडरवाला स्वस्त असला तरी महागच पडतो.

टाकी, मडगार्ड आणि साइड कव्हर

येथे निर्णय सरळ आहे: टू-के पीयू, म्हणजे रंगाचा बेस कोट आणि त्यावर हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट. जुन्या टाकीला कथिल-शिशाचा डाग दिलेला असेल तर तो धातू १८३ अंशांपासूनच वितळू लागतो, म्हणजे पावडरच्या भट्टीतून टाकी बाहेर येईल तेव्हा तिची जुनी गळती परत आलेली असेल. पोच काढून भरलेली नेहमीची लांबीही त्या तापमानात टिकत नाही. पेट्रोलचा वास उरलेली टाकी भट्टीत घालण्यातला धोका तर वेगळाच. त्याशिवाय पावडर कॅटलॉगमधल्या छटांतच मिळते, तर पीयूची छटा जुन्या रंगाशी जुळवून हवी तेवढीच बनवून घेता येते, आणि पट्टे व स्टिकर क्लिअर कोटखाली सुरक्षित राहतात. प्लॅस्टिकचे साइड कव्हर अर्थातच भट्टीत जाऊ शकत नाही.

पेंटर पुष्कळदा एनसी, म्हणजे हार्डनर न लागणारा नायट्रोसेल्युलोज रंग सुचवतात, कारण तो झटपट वाळतो, स्वस्त असतो आणि चूक झाली तर पटकन घासून टाकता येतो. टाकीसाठी तो टाळावा. पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो, आणि पावसाळी हवेत मारला तर त्यावर पांढुरकी छटा येते. साध्या स्प्रे कॅनमधल्या हार्डनर नसलेल्या रंगाचीही पेट्रोलपुढे तीच गत होते. हेडलाइटचा ब्रॅकेट किंवा टूलबॉक्स यांच्यापुरता तो ठीक आहे.

टू-केची किंमत मात्र केवळ पैशांत मोजून चालत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांची फवारणी श्वासात गेली तर दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही. घराच्या अंगणात हौसेने टू-के मारण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा आणि हे काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क व स्प्रे बूथ असलेल्या पेंटरकडेच सोपवावे. रंग हाताला कोरडा लागला तरी तो पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर टाकीत पेट्रोल भरू नये.

जुन्या बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा मद्रासच्या कारखान्यात हाताने ओढल्या जात. त्या अजून शाबूत असतील तर टाकी न रंगवणे हाही एक पर्याय आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत चांगला आहे. आतला गंज काढून बाहेरून हलके पॉलिश केलेली मूळ टाकी नव्या चकाकीपेक्षा मोलाची असते.

इंजिन

सर्वाधिक पैसे वाया जातात ते येथे, आणि कारण बहुतेक वेळा एकच असते: जास्त तापमान सोसणारा रंग म्हणजे जास्त टिकाऊ रंग, हा समज. डब्यावर ६०० अंश लिहिलेला सिलिकॉनचा रंग खरोखर तेवढी उष्णता सोसतो, पण तो पक्का होण्यासाठी त्याला आधी टप्प्याटप्प्याने २०० अंशांच्या आसपास तापवावे लागते. एअर-कूल्ड इंजिनाच्या हेडवरच्या फिन्स, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या, मेहनतीच्या वेळी १५० ते २०० अंशांपर्यंत जातात, म्हणून तेथे हा रंग योग्य ठरतो. क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालचा इंजिनाचा मुख्य सांगाडा, मात्र १०० अंशांच्या घरातच राहतो. तेथे मारलेला हाच रंग कधीच पुरता भाजला जात नाही, आणि कार्ब्युरेटरमधून ठिबकलेल्या पेट्रोलाने किंवा फडक्याने पुसताना सहज निघून येतो. क्रँककेस रंगवायचाच असेल तर खाली एच (etch, धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा) प्रायमर किंवा एपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के रंग हेच जोडकाम टिकते. सिलिकॉनच्या रंगाखाली याउलट साधा प्रायमर मारू नये. तो रंग स्वच्छ, किंचित खरखरीत केलेल्या धातूवर थेट आणि पातळ मारायचा असतो.

फिन्सवर पावडर कोटिंग करून देतो असे सांगणारेही भेटतात. विद्युतभार कडांकडे ओढला जात असल्याने दोन फिन्सच्या मधल्या खोलगट जागेत पावडर नीट पोहोचतच नाही, कडांवर मात्र जाड बसते. त्यात जुन्या ओतीव अॅल्युमिनियमच्या छिद्रांत मुरलेले तेल भट्टीत बाहेर येऊन फोड उठवते. आधी रिकामे भाजून हे कमी करता येते, पण जाड थराने उष्णता बाहेर पडायला थोडा अडथळा होतो तो होतोच. सिरॅमिक-पॉलिमरचे पातळ कोटिंग या सगळ्यावर उत्तर आहे. ते करणारे थोडे आहेत आणि खर्च मोठा आहे.

रंगाला खरा स्पर्धक आहे तो रंग न देण्याचा पर्याय. जुन्या बुलेटचे सिलिंडर बिडाचे असते, त्यामुळे ते रंगाविना गंजणारच. हेड आणि क्रँककेस मात्र अॅल्युमिनियमचे असतात. त्यांना वेपर ब्लास्टिंग, म्हणजे पाणी आणि काचेचे बारीक मणी यांचा मारा, केल्यास ओतकामाचा मूळ मंद पोत परत येतो, आणि बुलेट किंवा येझदीच्या इंजिनाच्या बाजूच्या कव्हरला बफिंग शोभते. असा धातू रंगासारखा सोलवटत नाही. किनारपट्टीवर त्यावर पांढरी भुकटी धरते, पण ती घासून काढता येते. सोललेल्या रंगाखालची भुकटी काढायला सगळा रंग उतरवावा लागतो. इंजिन पूर्ण उघडलेले असेल तर मी क्रँककेससाठी रंगापेक्षा हाच मार्ग निवडीन.

‘पूर्ण उघडलेले असेल तर’ ही अट सोडू नये. बांधलेल्या इंजिनावर ब्लास्टिंग केले तर वाळूचा किंवा काचेचा एखादा कण तेलाच्या मार्गात शिरून बेअरिंगची वाट लावू शकतो, आणि मग रंगाच्या खर्चापुढे इंजिनाचा खर्च उभा राहतो. इंजिन उघडायचे नसेल तर डीग्रीझर, पितळी ब्रश आणि थिनरने स्वच्छता एवढ्यावरच थांबावे, हेड व सिलिंडरला सिलिकॉनचा मॅट काळा किंवा चंदेरी पातळ हात द्यावा आणि क्रँककेस केवळ साफ करून सोडावा. स्वच्छ केलेल्या धातूला उघडा हात लावू नये. बोटांचे तेल पुढे रंगाच्या पोपड्यांतून दिसते.

सायलेंसर

क्रोम शाबूत असेल तर हात लावू नये. गेला असेल तर सिलिकॉनचा मॅट काळा रंग हाच परवडणारा मार्ग आहे, तोही इंजिनाजवळच्या पाइपवर फार वर्षे राहत नाही. पुन्हा क्रोम करणे महाग, पण दिसायला दुसरे काही त्याची बरोबरी करत नाही.

आरटीओची बाजू

आरसीमध्ये गाडीच्या रंगाची नोंद असते, त्यामुळे मूळ रंगच परत देणार असाल तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल तर तो नोंदवून घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे, म्हणून बुलेटला लष्करी रूप देण्याची हौस असली तरी ही छटा निवडता येत नाही. त्याहून महत्त्वाचा आहे चासी नंबर. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तो पडताळला जातो, आणि जोरदार ब्लास्टिंगने तो पुसट होऊ शकतो, तर जाड पावडरखाली तो बुजतो. काम देण्यापूर्वी त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा, ब्लास्टिंगच्या वेळी त्या जागेवर जाड रबराची पट्टी लावायला सांगावे, आणि पावडर निवडली असली तरी तेवढा भाग झाकून घेऊन नंतर तेथे टू-के काळ्याचा एकच पातळ हात मारून घ्यावा.