आई-बाबांना माटुंग्यात न्यायचंय: कॅफे मद्रास की रामा नायक?

पुण्याहून, नाशिकहून कुणी वडीलधारे आले की ओळखीचे लोक हमखास विचारतात, माटुंग्याला न्यायचं तर कुठे? गाडी शेवटी दोनच नावांवर येऊन थांबते. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० सालचं, माटुंगा स्टेशनाजवळचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. दोन्ही शाकाहारी, दोन्हीकडे चव राखलेली. आईबरोबर दोन्हीकडे बऱ्याचदा गेले आहे, त्यामुळे माझं मत सरळ सांगते.

आधी पाहुण्यांना भूक कसली आहे ते विचारा. कॅफे मद्रास नाश्त्याचं ठिकाण आहे, बोर्डिंग जेवणाचं. सकाळी नऊला बोर्डिंगच्या जिन्याशी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. आणि दुपारी दीडला कडकडीत भूक लागलेल्या माणसाला मद्रासमध्ये नेलं, तर तो दोन डोसे खाऊनही "भात कधी येणार" म्हणून वाट बघत बसेल.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा, आणि आमच्या घरी तोच निर्णायक ठरतो. बोर्डिंग पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढावाच लागतो. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनातून बाहेर पडलं की जागा अगदी शेजारीच, म्हणजे चालणं जवळपास नाही, चढणं आहे. मद्रास रस्त्यालगत, तळमजल्यावर; पण स्टेशनापासून भाऊदाजी रोडपर्यंत पाय उचलावे लागतात आणि रविवारी सकाळी फुटपाथवर उभं राहून आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहावी लागते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की जिना ती कठड्याला धरून, मध्ये थांबत, सावकाश चढते. अर्धा तास एका जागी उभं राहणं मात्र तिला झेपत नाही. त्यामुळे "वयस्कर माणसं आहेत, तळमजलाच बरा" असं परस्पर ठरवू नका. त्यांनाच विचारा, चढणं जमेल की उभं राहणं. (पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड हे वेगळं स्टेशन. तिथे उतरलात तर दोन्हीकडे बरंच चालावं लागेल.)

आता खाण्याचं. मद्रासमध्ये मसाला डोसा मागवू नका असं मी म्हणणार नाही, पण तिथे गेल्यावर जे इतरत्र सहज मिळत नाही ते मागवावं. नाचणीचा डोसा काळपट, कडेला कुरकुरीत. रसम इडली चमच्याने मोडून खायची. पोडी इडलीवरच्या कोरड्या चटणीचा ठसका आधी नाकाला कळतो. चौघं असाल तर एकेक पदार्थ मागवून वाटून खा, त्यातच तिथली मजा आहे. टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसतील, त्यांच्या ताटात काय आहे ते बघूनही पुढची ऑर्डर ठरते. शेवटी फिल्टर कॉफी पेला-वाटीतच घ्या. खाऊन झाल्यावर रेंगाळणं मात्र जमत नाही, बाहेर रांग दिसत असते आणि आपल्यालाच बरं वाटत नाही. गप्पा मारायला निवांत जागा हवी असेल, तर मद्रास त्यासाठी नाही.

बोर्डिंगचं गणित वेगळं. तिथे ठराविक ताट मिळतं आणि केळीच्या पानावरचं पोटभर जेवणही मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने पानच घ्यावं. पानावर भाज्या, लोणचं, पापड येतो, गरम पुऱ्या येतात. वाढपी फिरत असतो, हात आडवा करेपर्यंत वाढत राहतो. भात आला की आमच्या घरी कढीसाठी करतात तसं मधोमध आळं करायचं आणि त्यात रसम घ्यायचं. सपाट भातावर घेतलं तर रसम पानावरून थेट मांडीवर येतं. पहिल्या वेळी आईने न सांगता आळं केलं आणि वाढप्याने तिच्याकडे बघून मान डोलावली. सांबारापेक्षा मला तिथलं रसम जास्त आवडतं: पातळ, आंबट, मिरीचा तिखटपणा घशाशी उशिरा पोचणारा. शेवटी दही-भात. मसाल्याचा भडिमार नसल्यामुळे पथ्य असलेल्या माणसालाही हे जेवण बाधत नाही. माझे बाबा ॲसिडिटीमुळे बाहेर खायला तयार नसत, ते इथे दोनदा भात घेतात. स्वयंपाकघरही बघू देतात. बघाच, इतक्या वर्षांच्या नावामागे काय आहे ते तिथे दिसतं.

लहान मुलं बरोबर असतील तर मद्रास सोपं. मुलांना डोसा कळतो, आणि पानावरचं जेवण पाच वर्षांच्या मुलाला संपत नाही. पानावर टाकून उठणं तिथे शोभतही नाही.

दोन्हीही जमणार नसेल, म्हणजे ट्रेन पहाटेची असेल, तर स्टेशनाजवळचं १९३९चं राम आश्रय उजाडायच्या आधीच उघडतं. उपमा, अननसाचा शिरा आणि कॉफी, तेवढ्यावर प्रवास होतो.

एकदाच जायचं असेल आणि जिना जमत असेल, तर मी रामा नायक निवडीन. डोसा मुंबईत बऱ्याच ठिकाणी चांगला मिळतो. केळीच्या पानावर, कुणीतरी समोर उभं राहून "अजून थोडा भात?" विचारत वाढतंय असं जेवण शहरात आता फार कमी ठिकाणी उरलंय. आईबाबांच्या पिढीला ते पंगतीतलं वाढणं आठवतं, आणि जेवताना त्यांचे चेहरे खुलतात.

सोमवार टाळा, त्या दिवशी दोन्ही बंद असतात. मधल्या वारी बोर्डिंगला साडेअकराच्या सुमारास पोचलात तर फारसं थांबावं लागणार नाही. खाली उतरल्यावर जवळच गजऱ्यांची दुकानं आहेत. आई दर वेळी तिथून मोगरा घेते.