साओस-2 सेल लाइन: वाढायला हळू, हाडाच्या कामाला चोख

हाडावर काम करायला सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवता येणाऱ्या एकाच उगमाच्या पेशी, शोधत असाल तर माझं मत सरळ साओस-2 ला. मी सांगलीच्या एका डेंटल कॉलेजच्या लॅबमध्ये टायटॅनियम इम्प्लांटवरचे लेप तपासते. लेपावर पेशी चिकटतात की नाही हे एमजी-63 ही हाडाच्या कॅन्सरचीच दुसरी लाइनसुद्धा सांगेल, आणि ती वाढतेही भराभर. पण तिथे खनिज साठतं का, हे पाहायचं तर साओस-2 च हवी. 1973 साली 11 वर्षांच्या एका मुलीच्या ऑस्टिओसार्कोमातून, म्हणजे हाडाच्या कॅन्सरमधून, साओस-2 ही लाइन तयार झाली. ट्यूबवर नाव लिहिताना तिचा विचार येतोच, आणि हात आपोआप जपून चालतो.

पेशी पुण्याच्या एन.सी.सी.एस. मधून घेतल्या, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून. फॉर्म, संस्थेचं पत्र, पैसे भरणं, मग थोडी वाट. कुरिअरवर न सोडता मी स्वतः जाऊन आणल्या आणि ते बरंच झालं. फ्लास्क मानेपर्यंत मीडियमने (पेशींच्या पोषक द्रवाने) भरलेला, झाकणाला पॅराफिल्मची ताणून चिकटणारी पट्टी. बर्फात ठेवू नका, साध्या तापमानालाच आणायचा. लॅबमध्ये आल्यावर बाहेरून 70% अल्कोहोलने पुसा, मायक्रोस्कोपखाली एकदा बघा आणि रात्रभर 37 अंशांवर राहू द्या. जास्तीचं मीडियम सकाळी काढा, पण फेकू नका. पुढच्या बदलाला तेच वापरता येतं.

खायला मॅकॉय 5ए हे मीडियम आणि त्यात 15% सीरम, म्हणजे गुरांच्या रक्तातला पेशी वाढवणारा द्रव. इतर लाइन 10% वर भागवतात, म्हणून इथेही काटकसर करायचा मोह होतो, करू नका. एका पुरवठादाराने ऐन उन्हाळ्यात सीरमच्या बाटल्या पूर्ण वितळलेल्या पाठवल्या होत्या. त्यावर पेशी नुसत्या बसून राहिल्या. बदलून घ्यायला भांडावं लागलं. आता आधी त्या लॉटचं, म्हणजे एका खेपेत बनलेल्या सीरमचं, सँपल मागवते, पेशी त्यावर नीट वाढल्या तरच ऑर्डर.

पेशी तळापासून सोडवायला ट्रिप्सिन हे एन्झाइम घातल्यावर फ्लास्क आपटायची सवय बऱ्याच जणांना असते. साओस-2 ला ती मानवत नाही, गठ्ठे होतात. मायक्रोस्कोपखाली कडा आत ओढल्या जाऊन पेशी गोल होताना दिसतात, तेवढं थांबायचं. एका फ्लास्कचे दोन ते चार करा, त्याहून विरळ पेरू नका.

हे सगळं कशासाठी, ते अलिझारिन रेडच्या, म्हणजे कॅल्शियमला लाल करणाऱ्या रंगाच्या, दिवशी कळतं. खनिज साठावं म्हणून एस्कॉर्बिक ॲसिड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेटवर काही आठवडे ठेवलेल्या पेशी धुऊन रंग घातला की लालभडक ठिपके उमटतात, कडेला दाट, मध्ये तुरळक. मला हा दिवस फार आवडतो. मात्र लेपातच कॅल्शियम फॉस्फेट असेल तर तो स्वतःच लाल होतो. लेप दिलेली पण पेशी न टाकलेली एक चकती शेजारी हवीच, नाहीतर लेपाच्या लालीला पेशींचं श्रेय द्याल.

केमोच्या औषधांवर काम करणाऱ्यांनी मात्र विचार करून घ्या. साओस-2 मध्ये पी53, म्हणजे बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन, अजिबात नाही, त्यामुळे औषधाचा परिणाम वेगळा दिसू शकतो. त्यांनी सोबत यू-2 ओएस ही हाडाच्या कॅन्सरची लाइन ठेवावी. ती 1964 ची, 15 वर्षांच्या मुलीच्या नडगीच्या हाडातली, आणि तिच्यात पी53 शाबूत आहे.