डंजन्स अँड ड्रॅगन्सचं २०२४चं प्लेअर्स हँडबुक : स्पेल्सचा मजकूर टेबलवर कसा टिकतो

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, बोलून आणि फासे टाकून खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ; प्लेअर्स हँडबुक हे त्याच्या नियमांचं पुस्तक. २०१४चं पुस्तक बाजूला ठेवून नव्यावर खेळायला लागलो त्याला आता बरेच महिने झाले. क्लासेस (पात्रांचे प्रकार) आणि फीट्स (पात्रांची खास कौशल्यं) यांबद्दल भरपूर बोलून झालंय. मला स्पेल्सच्या, म्हणजे जादूच्या मंत्रांच्या, मजकुराबद्दल लिहायचंय, कारण आमचे सगळ्यात लांबलेले वाद तिथेच व्हायचे.

‘सजेशन’ घ्या : समोरच्याला एक सूचना करून ती पाळायला लावणारा स्पेल. जुन्या पुस्तकात सूचना ‘वाजवी वाटेल’ अशी मांडायची अट होती. वाजवी कुणाच्या मते? पहारेकऱ्याच्या की डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या? आता सूचना २५ शब्दांत बसवायची, ती जमण्यासारखी वाटली पाहिजे आणि तिच्यात समोरच्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघड इजा नको. आमच्या बार्डने (गाण्यातून जादू करणारं पात्र) वेशीवरच्या शिपायाला सांगितलं, “दमलात, घरी जाऊन झोपा, पहारा आम्ही देतो.” शिपायाचा सेव्ह (स्पेल टाळण्यासाठी टाकायचा फासा) फसला, शिपाई निघाला. सकाळी त्याला शिक्षा होईल हे खरं, पण ती स्पेलमध्ये सांगितलेली उघड इजा नाही. डीएमने एवढंच म्हटलं आणि खेळ पुढे सरकला. पूर्वी यावर अर्धा तास सहज गेला असता.

‘स्पिरिट गार्डियन्स’मध्ये, म्हणजे क्लेरिकभोवती (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) शत्रूंना इजा करणारं आत्म्यांचं वलय उभं करणाऱ्या स्पेलमध्ये, मात्र एक भोक बुजवताना दुसरं पडलंय. आधी क्लेरिक चालत शत्रूजवळ गेला तर शत्रू वलयात ‘शिरला’ असं धरायचं नाही, असा अधिकृत खुलासा होता. आता वलय शत्रूपर्यंत पोचलं तरी सेव्ह लागतो, एका टर्नमध्ये (एका पात्राच्या पाळीत) एकदाच. पण टर्न कुणाचा, याला बंधन नाही. मग बार्बेरियन (दांडगा लढवय्या) आपल्या टर्नला क्लेरिकला उचलून शत्रूंमधून पळतो आणि पुन्हा ३डी८, म्हणजे आठ बाजूंच्या तीन फाशांएवढी इजा! शब्दांना धरून ते बरोबरच आहे. तरी आमच्याकडे डीएमने ते फेरीत (सगळ्यांचा एकेक टर्न होईपर्यंत) एकदाच असं ठरवलं, आणि तेच योग्य वाटतं.

‘कमांड’चं, म्हणजे समोरच्याला एका शब्दाचा हुकूम पाळायला लावणाऱ्या स्पेलचं, मला मनापासून वाईट वाटतं. जवळ ये, टाक, पळ, लोटांगण घाल, थांब : आता हे पाचच हुकूम. पूर्वी हे फक्त नमुन्यादाखल होते, वेगळा शब्द दिला तर परिणाम डीएम ठरवायचा. एकदा पकडलेला हेर गुप्त पत्र चावून गिळायला निघाला होता आणि आमची क्लेरिक ओरडली, “थुंक!” ओला कागदाचा बोळा जमिनीवर पडला, त्यावरून पुढची अख्खी मोहीम उभी राहिली. नव्या मजकुरात ही जागाच नाही. ‘टाक’ने हातातलं पडतं, तोंडातलं नाही.

लढाईतल्या स्पेल्सना घट्ट शब्द हवेतच. बोलण्याच्या स्पेल्सना थोडी मोकळीक हवी, म्हणून ‘कमांड’पुरता आम्ही जुनाच मजकूर ठेवलाय. बाकी पुस्तक नवंच वापरतोय.