घरच्या रेकॉर्डिंगसाठी ड्रम्स: एमटी पॉवर ड्रमकिट २ की ईझीड्रमर ३?

ही दोन्ही कॉम्प्युटरवर ड्रम्स वाजवणारी सॉफ्टवेअर. एमटी पॉवर ड्रमकिट २ फुकट आहे. प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं सॉफ्टवेअर) उघडलं की देणगीची पाटी येते, ‘स्किप’ दाबा आणि कामाला लागा. किट एकच, तेही आधीच कॉम्प्रेस केलेलं, म्हणजे हळू-जोरातल्या आवाजांमधला फरक कमी केलेलं. रॉकला लगेच बसतं. पण हळुवार गाण्यात स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम) अंगावर येतो आणि आवाज कमी केला तरी तो दणका जात नाही.

टूनट्रॅक कंपनीचं ईझीड्रमर ३ (२०२२) विकतचं. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं, त्यामुळे खोलीचा घुमारा खरा वाटतो आणि तो कमी-जास्तही करता येतो. गिटारचा ट्रॅक त्यातल्या ‘बँडमेट’ या सोयीमध्ये ओढून टाकला की जुळणारे ठेके समोर येतात. ज्यांना स्वतः ठेका रचता येत नाही, त्यांचे पैसे इथेच वसूल.

पण ड्रम्स खोटे वाटतात ते बहुतेकदा सॉफ्टवेअरमुळे नाही. माउसने भरलेल्या सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी (नोट किती जोरात वाजते तो आकडा) सारखीच राहते, मग विकतचं किटही टाइपरायटरसारखं वाजतं. मुख्य स्नेअर १०० ते ११५, घोस्ट नोट्स (मधले हलके स्नेअर) ३० ते ४५, हाय-हॅट (जोडीची झांज) एक ९० तर पुढचा ६५ ठेवून बघा. क्रॅश (मोठी झांज) आणि स्नेअर एकत्र पडतात तिथला हाय-हॅट पुसा. ड्रमरला हात दोनच!

म्युझिक कीबोर्डवर बोटांनी वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ सेटिंगमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो तो आकडा) १२८ वर आणा, मिक्सिंगला पुन्हा वाढवा.

आधी फुकटच्यावर दोन-तीन गाणी करा. किट अपुरं पडतंय असं कानाला जाणवलं, तरच खिशात हात घाला.